नववीचा वर्ग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत न्यायचा असेल तर

पाटण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: नववीच्या दोन तुकड्यांतील ८४ विद्यार्थ्यांना कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील विज्ञान विभागांच्या प्रयोगशाळा दाखवायच्या आहेत, त्यासाठी परवानगी कशी मागावी, नेमके काय पाहावे, आणि ही भेट म्हणजे पन्हाळा-जोतिबाच्या सहलीतला आणखी एक थांबा ठरू नये म्हणून काय करावे? प्रश्नाचा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आधीच्या दोन्ही भागांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. मी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात अनेक वर्षे प्रयोगशाळांचे काम पाहिले असून शाळांचे गट बोलावणे आणि सांभाळणे हा त्या कामाचाच भाग होता. त्यामुळे पुढील उत्तर यजमानाच्या बाजूने दिलेले आहे, हे लक्षात घ्यावे.

शाळेच्या भेटीची प्रचलित पद्धत अशी असते की एका दिवसात सहा-सात विभाग ठरवले जातात, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे मिळतात, दारातून आत शिरलेल्या रांगेतील पहिल्या दहा मुलांना यंत्र दिसते आणि उरलेल्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. समजावून सांगणारा संशोधक विद्यार्थी आपल्या प्रबंधाच्या भाषेत बोलतो, मुले वहीत ‘एक्सआरडी’, ‘एफटीआयआर’ अशी अक्षरे उतरवून घेतात, आणि परत आल्यावर सर्वांचा वृत्तान्त जवळजवळ सारखाच निघतो. यात कोणाचाही हलगर्जीपणा नसतो. संशोधनाची यंत्रे बाहेरून पाहण्यासारखी नसतातच. त्यांपैकी बहुतेक म्हणजे करड्या रंगाची पेटी आणि शेजारी संगणक, एवढाच देखावा असतो. विज्ञान केंद्रातील मांडणी पाहणाऱ्यासाठी केलेली असते, तर प्रयोगशाळेतील मांडणी मोजणाऱ्यासाठी केलेली असते. म्हणून माझा आग्रह एकच आहे: मुलांनी विद्यापीठात येऊन स्वतःच्या हाताने एक मापन करावे, ते मापन शाळेत सुरू झालेले असावे आणि शाळेत परत जाऊन पूर्ण व्हावे. बाकी जे काही पाहायचे ते या एका मापनाच्या आजूबाजूला बसवावे.

कोणते मापन घ्यावे, याचे अनेक पर्याय आहेत. मी बहुतेक वेळा केसाची जाडी सुचवतो. त्याचे पहिले कारण असे की प्रत्येक मुलाकडे स्वतःचा नमुना असतो, आणि आपल्याच केसाचा आकडा कोणालाही निर्विकारपणे लिहिता येत नाही. दुसरे कारण असे की ही एकच राशी तीन वेगवेगळ्या मार्गांनी मोजता येते आणि तिन्ही उत्तरे तंतोतंत सारखी येत नाहीत. विद्यापीठात नेमके काय चालते हे मुलांना दाखवायचे असेल, तर उत्तरांतील हा फरक आणि त्याचा शोध याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पहिले मापन शाळेत, भेटीच्या आधीच्या आठवड्यात व्हावे. त्यासाठी स्क्रू गेज, म्हणजे स्क्रू फिरवून बारीक जाडी मोजण्याचे साधन, लागेल. शाळेत नसेल तर जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाकडून दोन-तीन नग चार दिवसांसाठी मागून आणावेत, कारण अकरावीच्या प्रात्यक्षिकांत ते वापरले जाते. त्याचे लघुतम माप (मोजता येणारे सर्वांत लहान अंतर) ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रोमीटर असते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रोमीटरच्या दरम्यान असल्यामुळे वाचन ०.०६, ०.०७ किंवा ०.०८ असे येईल आणि वर्गातील निम्मी मुले एकाच आकड्यावर येऊन थांबतील. याच वेळी त्यांना विचारावे की ज्यांचे उत्तर ०.०७ आले त्या सर्वांचे केस खरोखरच सारख्या जाडीचे आहेत का. उत्तर शिक्षकांनी देऊ नये. तो प्रश्न मुलांनी बसमधून विद्यापीठापर्यंत न्यावा. शून्य त्रुटी तपासणे (काहीही न धरता साधन शून्य दाखवते का, हे पाहणे) आणि जास्त दाब पडू न देणाऱ्या टोकाच्या रॅचेटनेच स्क्रू फिरवणे या दोन सवयीही इथेच लागतील. प्रत्येक मुलाने आपला केस एका छोट्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर, मधल्या छिद्रावर ताणून, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून आणावा आणि पुठ्ठ्यावर हजेरी क्रमांक लिहावा. ही चौकट तयार असल्यामुळे विद्यापीठातला बराच वेळ वाचतो.

दुसरे मापन विद्यापीठाच्या पदवी किंवा पदव्युत्तर प्रयोगशाळेत लेझरने करावे. लेझरच्या झोतात केस धरला की समोरच्या भिंतीवर उजेडाचे आणि अंधाराचे पट्टे एकाआड एक दिसतात. मध्यापासून पहिल्या अंधाऱ्या जागेपर्यंतचे अंतर मोजायचे. मग लेझरची तरंगलांबी (प्रकाशाच्या लागोपाठच्या दोन तरंगांमधले अंतर) गुणिले केसापासून भिंतीपर्यंतचे अंतर, भागिले हे मोजलेले अंतर, म्हणजे केसाची जाडी. हीलियम आणि निऑन या वायूंवर चालणाऱ्या हीलियम-निऑन लेझरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर असते (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग). भिंत दोन मीटरवर असेल आणि केस ७० मायक्रोमीटरचा असेल, तर पहिला अंधार मध्यापासून सुमारे १८ मिलिमीटरवर पडतो आणि साध्या मोजपट्टीने मोजता येतो. केस जितका बारीक तितके पट्टे एकमेकांपासून दूर जातात, हे मुलांना आधी सांगू नये. दोन मैत्रिणींचे केस पाठोपाठ लावले की ते त्यांच्याच लक्षात येते आणि ‘बारीक केसाची सावली मोठी कशी?’ असा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. या प्रश्नाचे पूर्ण उत्तर नववीत देता येत नाही. प्रकाश तरंगासारखा वागतो आणि अडथळ्याच्या कडेने वळतो, एवढे सांगून थांबण्यात काहीही कमीपणा नाही.

इथे एक शंका साहजिक आहे. लाल लेझर पॉइंटर बाजारात शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, मग हा प्रयोग शाळेतच का करू नये? करावाच, परंतु पॉइंटरवरील चिठ्ठीत बहुधा ‘६३० ते ६८० नॅनोमीटर’ असे लिहिलेले असते आणि आपला पॉइंटर त्या मर्यादेत नेमका कोठे बसतो हे कळत नाही. विद्यापीठातल्या हीलियम-निऑन लेझरची तरंगलांबी मात्र त्यातील निऑन वायूच्या अणूंनीच ठरवून दिलेली असते, म्हणून शाळेने आपला पॉइंटर सोबत न्यावा आणि तो तिथे मोजून आणावा. त्यासाठी विद्यापीठातील इंचाला १५,००० रेषा असलेली ग्रेटिंग पुरते. ग्रेटिंग म्हणजे बारीक समांतर रेषा आखलेली पट्टी; तिच्यातून गेलेला झोत पडद्यावर मध्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके उमटवतो. पडदा एक मीटरवर ठेवला तर हीलियम-निऑनचा पहिला ठिपका मध्यापासून सुमारे ४० सेंटिमीटरवर पडतो. शाळेच्या पॉइंटरचा ठिपका ४२ सेंटिमीटरवर पडला तर त्याची तरंगलांबी सुमारे ६५५ नॅनोमीटर आहे. ग्रेटिंगच्या दोन रेषांमधले अंतर गुणिले ठिपक्याच्या कोनाचे साइन गुणोत्तर, म्हणजे तरंगलांबी. नववीच्या गणितात त्रिकोणमितीचे प्रकरण असल्यामुळे साइन गुणोत्तर मुलांना अपरिचित नसते, आणि ते शिकवून झाले नसेल तर पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढून तेच गुणोत्तर मिळते. मोजलेला आकडा चिठ्ठीवर लिहून ती पॉइंटरला चिकटवली की पुढच्या वर्षीच्या वर्गाला तो शाळेतच उपयोगी पडतो. एका प्रमाणित साधनाच्या आधाराने दुसरे साधन प्रमाणित करून घेणे हे प्रयोगशाळेचे रोजचे काम आहे, आणि शाळेला त्यातून कायमची टिकणारी वस्तू मिळते.

तिसरे मापन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, म्हणजे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने चित्र घेणाऱ्या यंत्राने, होते आणि ते मुलांच्या हातून होणार नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. मोठ्या विद्यापीठांत हे यंत्र बहुधा मध्यवर्ती उपकरण सुविधेत असते, त्याच्या वेळा आधी आरक्षित झालेल्या असतात, दर नमुन्यामागे शुल्क असते आणि खोलीत पाच-सहा जणांपेक्षा अधिक माणसे उभी राहू शकत नाहीत. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. वर्गातील तीन-चार केस भेटीच्या आठवडाभर आधी पोचते करावेत, म्हणजे त्यांवर सोन्याचा पातळ थर देऊन ते तयार ठेवता येतील. केस विजेचा वाहक नसल्यामुळे हा थर लागतो. दुसरे म्हणजे, यंत्राच्या पडद्यावरचे चित्र शेजारच्या वर्गात प्रोजेक्टरवर दाखवण्याची विनंती करावी. पाचशे पट मोठ्या केलेल्या केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले दिसतात तेव्हा वर्ग आपोआप शांत होतो. मात्र तिथेच थांबू नये. त्या छायाचित्राच्या कोपऱ्यात एक मापनरेषा असते आणि तिच्याखाली ती किती मायक्रोमीटर दर्शवते ते लिहिलेले असते. छापील प्रत शाळेत नेऊन मुलांनी पट्टीने आधी ती रेषा आणि मग केसाची रुंदी मोजावी. तिसरे मापन अशा रीतीने शेवटी त्यांच्याच हातून होते.

आता तीन उत्तरे समोर येतात. स्क्रू गेजचे ०.०७ किंवा ०.०८ मिलिमीटर, लेझरचे समजा ७३ मायक्रोमीटर आणि सूक्ष्मदर्शकाचे ६८ मायक्रोमीटर. यांपैकी खरे कोणते, असे मुले विचारतातच. केस बहुधा पूर्ण गोल नसतो, लंबगोल असतो, त्यामुळे तो कोणत्या बाजूने मोजला यावर उत्तर बदलते. स्क्रू गेज केसाला किंचित दाबते. हवेतल्या ओलाव्याने केस फुगतो, तर सूक्ष्मदर्शकाच्या निर्वातात तो कोरडा पडतो. सोन्याच्या थराने जाडी वाढली असेल का, ही शंका एखादी हुशार मुलगी हमखास काढते. तिला भागाकार करायला सांगावा, कारण तो थर वीसेक नॅनोमीटरचा आणि केस सत्तर हजार नॅनोमीटरचा असतो. पाठ्यपुस्तकातील प्रयोगाचे उत्तर आधीच ठरलेले असते आणि प्रयोगवहीत ते तसेच आणण्याची मुलांना सवय लागलेली असते. इथे उत्तर ठरलेले नसते, म्हणून वाचन ‘जुळवून’ लिहिण्याचे कारणच उरत नाही.

भेटीचा उरलेला वेळ कसा वापरावा, हा भाग त्यामानाने सोपा आहे. एका फेरीत नेता येणाऱ्या चाळीसेक मुलांचे दहा-दहांचे चार गट करावेत. एक गट लेझरवर असताना दुसरा प्रोजेक्टरसमोर, तिसरा कार्यशाळेत आणि चौथा संशोधक विद्यार्थ्यांशी गप्पांना, आणि प्रत्येक ठिकाणी पाऊण तास. सकाळी दहा ते दीडपर्यंत हे सर्व बसते. यातील कार्यशाळेचे नाव वाचून आश्चर्य वाटेल, परंतु मी ते मुद्दाम घातले आहे. विज्ञान विभागांना स्वतःची लेथ (धातू कातण्याचे यंत्र), वेल्डिंगची जागा आणि काही ठिकाणी काचकामाची खोलीही असते, आणि संशोधनाला लागणारे जे भाग विकत मिळत नाहीत ते तिथे घडवले जातात. ज्या मुलांचे वडील किंवा काका कराडच्या किंवा सातारच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर काम करतात, त्यांना इथे आपली ओळखीची वस्तू दिसते, आणि एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी ही मुलेच कारागिराला सर्वांत नेमके प्रश्न विचारतात. प्रयोगशाळा सहायक आणि परिचर यांनाही बोलते करावे; कोणते उपकरण पावसाळ्यात का रुसते, हे विभागप्रमुखांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते.

संशोधक विद्यार्थी निवडताना भाषेचा विचार अवश्य करावा. ज्यांनी पदवीपासून सर्व इंग्रजीत शिकले त्यांना ‘अपवर्तन’, ‘तरंगलांबी’, ‘वर्णपट’ हे पाठ्यपुस्तकातले शब्द पटकन आठवत नाहीत, आणि काही संशोधक परप्रांतांतून आलेले असतात. शाळेने नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील पंधरा-वीस संबंधित संज्ञांची यादी आधी पाठवली तर दोन्ही बाजूंची सोय होते. त्यांनी आपल्या विषयाचे व्याख्यान देऊ नये, तर गेल्या वर्षात कोणता प्रयोग फसला आणि मग काय केले ते सांगावे, अशी विनंती करावी. यंत्राची किंमत किती, हा मुलांचा ठरलेला पहिला प्रश्न असतो आणि शिक्षक त्यावर ओशाळतात. ओशाळण्याचे काही कारण नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची किंमत कोटीच्या घरात असते, तो सार्वजनिक पैशातून घेतलेला असतो आणि म्हणूनच त्याच्या वापराची नोंदवही मिनिटामिनिटाची असते, हे नवव्या इयत्तेला समजण्यासारखे उत्तर आहे.

८४ मुलांपैकी कोणाला न्यावे? दोन तुकड्या दोन वेगवेगळ्या दिवशी नेणे सर्वांत चांगले. एकच फेरी शक्य असेल तर चिठ्ठ्या टाकाव्यात. पहिल्या क्रमांकांची चाळीस मुले निवडू नयेत. गुणपत्रिकेतील क्रमांक आणि हाताची सफाई यांचा संबंध फार सैल असतो, शिवाय न निवडलेल्या मुलांना त्यातून जो संदेश जातो तो नववीच्या वयात लवकर पुसला जात नाही. मागे राहिलेल्यांचे केस मात्र चौकटीसह विद्यापीठात जावेत आणि गेलेल्यांनी ते मोजून आणावेत.

सुरक्षिततेबाबत काही गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. लेझर कधीही डोळ्यांच्या उंचीवर लावू नये, झोतात कोणी वाकून पाहू नये, आणि मोजणाऱ्याने घड्याळ व चकचकीत बांगड्या काढून ठेवाव्यात, कारण परावर्तित झोतही तितकाच त्रासदायक असतो. द्रवरूप नायट्रोजनचे प्रात्यक्षिक मुलांना फार आवडते. उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणारा हा द्रव एक लिटर असेल तर त्याचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो, म्हणून ते लहान बंद खोलीत न करता व्हरांड्यात आणि केवळ कर्मचाऱ्यांनीच करावे. क्ष-किरणांची यंत्रे आणि किरणोत्सारी स्रोत यांना अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू असतात. तिथे मुलांना आत नेण्याचा आग्रह धरू नये. जीवशास्त्र विभागात सूक्ष्मजीवांच्या बश्या उघडू नयेत, आणि रक्तगट तपासण्याचे जुने लोकप्रिय प्रात्यक्षिक पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुळीच करू नये. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बंद बूट अनिवार्य असतात आणि अनेक मुले चपला घालून येतात. दारात त्यांना वेगळे काढण्यापेक्षा त्या दिवशी तो विभाग वगळणे मला अधिक योग्य वाटते. वेण्या बांधलेल्या असाव्यात आणि ओढणीला पिन लावलेली असावी. खाण्याचे डबे बसमध्येच ठेवावेत. मुलींसाठी स्वच्छतागृह कोणत्या इमारतीत आहे हे आधीच विचारून ठेवावे. ही बाब विचारण्याचे कोणालाच सुचत नाही आणि ऐनवेळी तिच्यात अर्धा तास जातो.

दिवस निवडताना २८ फेब्रुवारी टाळावा. १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला आणि १९८७ पासून तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. त्या सुमारास अनेक संस्था आपली दारे खुली करतात आणि जत्रेसारखी गर्दी लोटते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे; तिथले विज्ञान दिनाचे प्रदर्शन पाहण्यासारखे आहे, आणि रेडिओ लहरींत व्यत्यय येऊ नये म्हणून परिसरात मोबाइल का बंद ठेवायचे एवढा एक मुद्दा जरी मुलांना समजला तरी जाणे सार्थकी लागते. परंतु तो दिवस पाहण्याचा असतो. गर्दीत शांतपणे मोजता येत नाही. विद्यापीठात ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे हे परीक्षांचे महिने असतात, डिसेंबरमध्ये शाळांची स्नेहसंमेलने आणि क्रीडास्पर्धा असतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाटण खोऱ्यात पावसाचा जोर असतो. उरतो जानेवारीचा उत्तरार्ध. प्रजासत्ताक दिनाची तयारी सांभाळून तो साधावा.

परवानगीचे पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने, विभागप्रमुखांच्या नावे आणि कुलसचिवांना प्रत देऊन, किमान दोन महिने आधी जावे. ‘विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा दाखवावी’ एवढेच लिहिलेले पत्र टेबलावर पडून राहते, कारण ते वाचणाऱ्याला नेमके काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी विद्यार्थिसंख्या, इयत्ता, माध्यम, हवी असलेली उपकरणे, मुलांनी आधी केलेले मापन आणि प्रत्येक गटाला लागणारी मिनिटे एका पानात लिहावीत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आविष्कार अभियानात २०१५ पासून उच्च शिक्षण संस्थांनी शाळांना मार्गदर्शन करणे अपेक्षित आहे, त्याचा उल्लेख एका वाक्यात करावा. त्याने विभागाला वरिष्ठांपुढे कारण देणे सोपे जाते. शिक्षण विभागाची सहलीसाठीची परवानगी, पालकांची संमतिपत्रे आणि एस.टी.ची सवलतीची बस यांची व्यवस्था शाळांना माहीत असतेच.

भेटीनंतरच्या पंधरवड्यात सर्व ८४ केसांच्या लेझरने काढलेल्या जाडीची वर्गीकृत वारंवारता सारणी (कोणत्या जाडीच्या गटात किती केस, याचा तक्ता) करावी. नववीच्या गणितात सांख्यिकी आहे, आणि पुस्तकातील आयत्या आकड्यांऐवजी स्वतःचे आकडे वापरता येतील. स्क्रू गेजने जे सर्व ०.०७ वर अडकले होते ते लेझरच्या सारणीत कसे पसरले, हे त्यात दिसेल. ही सारणी आणि तीन मापनांची तुलना विभागाला पोस्टाने पाठवावी. आभाराच्या छापील पत्रापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो, आणि पुढच्या वर्षीची तारीख मिळवताना ती शिफारसपत्राचे काम करते.

विद्यापीठाची तारीख मिळालीच नाही, तर कराडच्या एखाद्या वरिष्ठ विज्ञान महाविद्यालयात विचारावे. हीलियम-निऑन लेझर आणि ग्रेटिंग अशा महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात बहुधा असतात, प्रवास अर्ध्याहून कमी होतो आणि चाळीसऐवजी सर्व ८४ मुलांना दोन पाळ्यांत नेता येते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम मात्र तिथे होणार नाही. त्यासाठी तीन केस जाड कागदाच्या पुडीत घालून, क्रमांक टाकून, विद्यापीठाच्या उपकरण सुविधेकडे शुल्कासह पाठवावेत आणि मापनरेषेसहित छायाचित्रे मागवून घ्यावीत.